जगबुडीनंतरची ‘साहित्यिक’ कादंबरी सायफाय आहे का, हे कसं ठरवायचं

हा वाद आमच्याकडे वर्षातून दोनदा तरी होतोच. कोणीतरी अमेरिकन लेखक कॉर्मॅक मॅकार्थीची ‘द रोड’ ही कादंबरी वाचून येतं, दोन दिवस गप्प गप्प असतं आणि मग सांगतं, बाबा रे जबरदस्त आहे, पण हिला सायफाय म्हणू नका प्लीज, हे साहित्य आहे. झालं. दुसरा लगेच म्हणणार की जग संपलंय, वर्षानुवर्षं राख पडतेय, माणसं माणसांना खातायत, मग ही सायफाय नाही तर काय कौटुंबिक कादंबरी आहे का? (खरं तर तीही आहे.) तिसरा तिला मिळालेलं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं मोठं साहित्याचं बक्षीस काढतो, चौथा म्हणतो लेबलांनी काय फरक पडतो, आणि चहा गार.

मला फरक पडतो. लेबल चुकलं की वाचताना आपण भलतीकडेच बघत बसतो. सायफाय म्हणून हातात घेतलीत आणि नक्की झालं काय, बॉम्ब पडला की उल्का, हे शोधत राहिलात तर पन्नास पानांत वैतागून ठेवून द्याल, मी पहिल्यांदा तेच केलं होतं. आणि नुसती बाप-लेकाची हृद्य गोष्ट म्हणून वाचलीत तर लेखकाची अर्धी मेहनत तुम्हाला दिसणारच नाही, ते मी दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्या वेळी वही घेऊन बसलो आणि तेव्हापासून एक पद्धत बसलीये. ती ‘द रोड’वरच करून दाखवतो, कारण वाद सगळ्यात जास्त हिच्यावरूनच होतो.

आधी गुंता सोडवा

वाद घालताना लोक चार वेगळे प्रश्न एकत्र कालवतात. पुस्तक दुकानात कुठल्या शेल्फवर आहे, त्याला बक्षीस कुठलं मिळालं, लेखक स्वतः काय म्हणतो, आणि पुस्तक आतून काय काम करतं. कामाचा फक्त चौथा. पहिले तीन पटकन निकालात काढा, म्हणजे समोरच्याने काढलेच तर उत्तर तयार हवं.

शेल्फ प्रकाशकाचा मार्केटिंग विभाग ठरवतो, विषय संपला.

बक्षिसांचं म्हणाल तर ‘द रोड’ आली २००६ साली, २००७ ला तिला पुलित्झर मिळालं आणि त्याच वर्षी ती टीव्हीवाल्या ओप्रा विन्फ्रीच्या बुक क्लबातही गेली. म्हणून ती सायफाय नाही? मग एमिली सेंट जॉन मँडेलच्या ‘स्टेशन इलेव्हन’चं काय करायचं? २०१४ ची कादंबरी, फ्लूच्या साथीत जवळजवळ सगळं जग मेलेलं आणि वीस वर्षांनी एक नाटक कंपनी गावोगाव शेक्सपियरचे प्रयोग करत फिरतेय. अमेरिकेतल्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत तीच, आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमधलं आर्थर सी. क्लार्क अवॉर्ड, म्हणजे खास सायफायसाठीचं बक्षीस, तेही तिलाच. परीक्षकांच्या दोन टोळ्यांना एकच पुस्तक आपलं वाटलं. म्हणजे बक्षिसावरून परीक्षक कळतात, पुस्तक नाही.

लेखकाला विचारणं तर सगळ्यात बेभरवशाचं. कॅनडाची लेखिका मार्गारेट ॲटवुड हिच्या ‘द हँडमेड्स टेल’ला १९८७ मध्ये पहिलंवहिलं क्लार्क अवॉर्ड मिळालं, पण बाईंचं म्हणणं असं की माझं लिखाण सायफाय नाही, ते ‘स्पेक्युलेटिव्ह फिक्शन’, कारण मी लिहिते ते खरंच होऊ शकतं किंवा कुठेतरी होऊन गेलंय, आणि सायफाय म्हणजे जे आज शक्यच नाही ते. यावर सायफाय लेखिका अर्सुला ले ग्विनने २००९ मध्ये ‘गार्डियन’मध्ये ॲटवुडच्याच नव्या कादंबरीचं परीक्षण करताना बरोबर बोट ठेवलं. साहित्याच्या पंगतीतून कोणी आपल्याला उठवू नये म्हणून ही व्याख्या बेतलेली दिसते, असा तिचा रोख होता. कौतुक करता करता चिमटा, वाचण्यासारखं आहे ते.

आणि मॅकार्थी? तो वर्षानुवर्षं सांता फे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे शास्त्रज्ञांच्याच घोळक्यात बसायचा. २००९ च्या एका मुलाखतीत त्याला विचारलं की पुस्तकात नक्की काय झालंय, तर म्हणाला तिथल्या भूगर्भवाल्या काही लोकांना उल्का वाटते, माझं स्वतःचं काही मत नाही, ज्वालामुखी असेल नाहीतर अणुयुद्ध, त्याने काही बिघडत नाही. घ्या आता.

‘विज्ञानकथा’ या शब्दाने होणारी गडबड

हा मुद्दा खास आपला आहे म्हणून वेगळा काढतोय. इंग्रजीतल्या वाचकाच्या कानात ‘सायफाय’ म्हटल्यावर सायन्स हा शब्द आता ऐकूही येत नाही, घासून गुळगुळीत झालाय. मराठीत मात्र आपण ‘विज्ञानकथा’ म्हणतो आणि विज्ञान अख्खंच्या अख्खं समोर उभं राहतं. त्यात आपली परंपरा पण तशी. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही गोष्ट पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. तिथून पुढे आपल्या दोन पिढ्या ज्या गोष्टींवर वाढल्या त्यात मध्ये कुठेतरी एक शास्त्रज्ञ असायचा आणि तो शेवटपर्यंत आपल्याला सगळं नीट समजावून सांगायचा. मला त्या गोष्टी प्रचंड आवडतात, आजही. पण तीच फूटपट्टी घेऊन ‘द रोड’ मोजायला गेलात तर ती पहिल्याच पानावर नापास, कारण तिच्यात समजावणारं कोणी उरलेलंच नाही. म्हणून या लेखापुरतं मी मुद्दाम सायफाय म्हणतोय. तुम्हीही वादात हाच शब्द वापरा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

कारण सोडा, परिणाम धरा

ही खरी पद्धत. एका कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे ‘काय गेलं’ आणि उजवीकडे ‘मग त्यामुळे काय’. कारण लिहायला रकानाच ठेवू नका, मोह होतो.

आता वाचताना जिथे जिथे वस्तू, अन्न, हवामान, शरीर, इंधन यांचा उल्लेख येतो तिथे नोंद करा. पुस्तक संपल्यावर डाव्या रकान्यातल्या गोष्टींतून उजव्या रकान्यातल्या गोष्टी आपोआप निघतायत का ते बघा. निघत असतील, आणि लेखकाने ते सांभाळलेलं असेल, अगदी जिथे कोणाचं लक्षही जाणार नाही अशा ठिकाणी सांभाळलेलं असेल, तर ती सायफाय. त्यात एकही शास्त्रज्ञ नसला तरी.

एक प्रसंग घेऊ. पुस्तकाच्या सुरुवातीलाच बाप आणि मुलगा (दोघांनाही नाव नाही) सामानाची ट्रॉली ढकलत एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर येतात. बाप आत जातो, टेबलाशी उभा राहतो, फोन उचलतो आणि आपल्या वडिलांच्या घरचा नंबर फिरवतो. मुलगा विचारतो, काय करतोयस? बस, एवढंच. पुढे निघतात. थोडं अंतर गेल्यावर बाप थांबतो, म्हणतो आपण डोकं वापरत नाही आहोत, परत जायला हवं. परत येतात. गॅरेजमधला कचऱ्याचा पिंप आडवा करतो आणि त्यातून इंजिन ऑइलच्या रिकाम्या बाटल्या बाहेर काढतो. मग दोघं जमिनीवर बसून एकेक बाटली निथळतात, मग त्या एका भांड्यात उलट्या उभ्या करून ठेवतात, आणि शेवटी जेमतेम अर्धा लिटर तेल जमतं. दिव्यासाठी.

आता बघा, फोनवर सगळे समीक्षक लिहितात. लिहायलाच पाहिजे, मेलेल्या बापाचा नंबर बोटांना अजून पाठ असणं यावर मी पण दोन दिवस अडकलो होतो. पण तेलाच्या बाटल्यांवर कोणी लिहीत नाही. आणि माझ्या मते निकाल तिथे लागतो. वीज गेली, पेट्रोल कधीच उपसून संपलं, दुकानं लुटून झाली, तर मग उरेल काय? जे त्या काळी कोणी कचरा म्हणून फेकलं होतं ते. प्रत्येक बाटलीच्या तळाला चिकटलेला चमचाभर थर. लेखकाने बसून विचार केलाय की अशा जगात तेल कुठे सापडेल, आणि उत्तर शोधून काढलंय. शिवाय माणूस आधी चुकतो, पुढे निघून जातो, कारण जुन्या जगातलं डोकं कचऱ्याच्या डब्यात बघतच नाही. मग त्याला कळतं. हे सायफायचं डोकं आहे. फोन आणि तेल एकाच प्रसंगात आहेत, मध्ये शंभर पानांचं अंतर नाही, त्यामुळे हे साहित्य की सायफाय असा प्रश्नच मला आता ‘पोहे की नाश्ता’ असा वाटतो.

असे अजून नमुने. प्रलयाच्या रात्रीचं वर्णन जेमतेम काही ओळींत येतं, घड्याळं १:१७ ला थांबली, लांबलचक उजेड, मग लागोपाठ दबके हादरे. आणि तो माणूस काय करतो? बाथरूममध्ये जाऊन टबचे नळ पूर्ण सोडतो. बायको दारात येऊन विचारते, आत्ता आंघोळ कशाला करतोयस? तो म्हणतो, करत नाहीये. आपल्याकडे सोसायटीत राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको, लाईट गेली की पहिली धाव पिंपाकडे. पण कादंबरीत त्याचा अर्थ असा की पहिल्या मिनिटाला या माणसाने हिशेब मांडलाय, वीज गेली म्हणजे पाणी जाणार आणि यावेळी परत येणार नाही. कारण त्याला माहीत नाही, परिणाम माहीत आहे. अख्खं पुस्तक याच चालीवर आहे.

मुलगा प्रलयानंतर थोड्याच दिवसांत जन्मलाय. कॅलेंडर कोणाकडेच नाही, पण मुलगाच कॅलेंडर आहे. तो चालतो, बोलतो, बाप त्याला अक्षरं शिकवतो, म्हणजे इतकी वर्षं झाली. लेखकाला ‘सात वर्षांनंतर’ असं लिहावं लागत नाही. आणि बापाला एका तोडफोड झालेल्या मशीनमध्ये कोका-कोलाचा एक कॅन सापडतो तेव्हा मुलगा विचारतो हे काय असतं. याला जुनं जग आठवतच नाही, त्याने ते पाहिलेलंच नाही, आणि त्यामुळे बापाला येते तसली उचकी त्याला कधी लागत नाही. बाप ज्याला शोक करतो ते मुलासाठी नुसतं ऐकीव.

पण माझा सगळ्यात आवडता पुरावा म्हणजे अळंबी. जंगलं जळालीत, झाडं उभीच्या उभी मेलीत, सूर्य दिसत नाही, गवत नाही, पक्षी नाहीत. अशात एका धबधब्याजवळ दोघांना अळंबी मिळते, तीही कुठली तर मोरेल, म्हणजे आपल्याकडे हिमाचल-काश्मीरची गुच्छी म्हणतात ती. तळून खातात, मजेत. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं लेखकाने थोडी दया दाखवली. नंतर विचार केला तर लक्षात आलं की अळंबीला ऊन लागतच नाही, तिला मेलेलं लाकूड आणि पाला पुरतो, आणि त्यातही मोरेल ही जात जंगलात वणवा लागून गेल्यावर पुढच्या हंगामात हमखास उगवते, अमेरिकेत लोक त्यासाठी मुद्दाम जळालेल्या रानात जातात. म्हणजे सगळं मेल्यावर जे एक उगवू शकतं, तेच आणि तेवढंच त्याने उगवलंय. याचं कुठेही स्पष्टीकरण नाही. नारळीकरांच्या गोष्टीत इथे एखादा वनस्पतीशास्त्रज्ञ चष्मा पुसत पुढे आला असता. इथे नुसती कढई.

‘स्टेशन इलेव्हन’लाही हीच वही लावून बघा. तिथल्या नाटकवाल्यांच्या गाड्या म्हणजे जुन्या पिकअप ट्रकचे सांगाडे, आणि ते ओढायला घोडे. का? तर पेट्रोल नासतं. टाकीत भरून ठेवलं तरी काही वर्षांत ते जाळण्याच्या लायकीचं राहत नाही. जगबुडीच्या निम्म्या सिनेमांत हिरो पंधरा वर्षांनी गाडीला चावी लावतो आणि ती भुर्रकन सुरू होते, तिथे डोक्यात जातं माझ्या. या बाबतीत मँडेल पक्की. पण तिचा तो फ्लू मात्र माझ्या वहीत बसत नाही. लागण झाली की काही तासांत माणूस आडवा आणि एक-दोन दिवसांत मेला, असा आजार जग पालथं घालायच्या आधी स्वतःच विझायला हवा, कारण पसरवायला फिरता माणूस लागतो. म्हणजे तिचं कारण लंगडं, परिणाम भक्कम. आणि तरी ती सायफाय म्हणून चालली, कारण या प्रकारात वजन परिणामांनाच असतं.

नियम कोणाचे, जगाचे की लेखकाचे?

इथे कोणीतरी शहाणा विचारतो, परिणाम तर सगळेच दाखवतात, मग सारामागोची ‘ब्लाइंडनेस’ पण सायफाय का? चांगला प्रश्न आहे आणि माझी वही इथे खरंच अडखळली होती. १९९५ ची पोर्तुगीज कादंबरी, एका शहरात लोक एकामागून एक आंधळे होत जातात, काळोख नाही तर दुधासारखं पांढरं दिसतं. त्यांना एका बंद पडलेल्या मनोरुग्णालयात कोंडतात, मग जेवणाची पाकिटं, संडास, दादागिरी, सगळं इतकं तपशिलात की वाचताना वास येतो. परिणाम हवे तेवढे.

पण त्यात एकच बाई आहे जिची नजर जात नाही. का? काही कारण नाही, गोष्टीला ती हवीये म्हणून. आणि आंधळेपण जसं आलं तसं एक दिवस आपलं आपण जातं, गोष्ट सांगून झाली म्हणून. म्हणजे संकट चालतं ते लेखकाच्या मर्जीवर. हे वाईट नाही हां, रूपककथेचं कामच असं असतं, आपल्या पुराणांत शाप आणि उःशाप असेच चालतात. पण ती सायफाय नाही. ‘द रोड’मध्ये बापाच्या गरजेसाठी ऊन पडत नाही. खोकला सुरू होतो तो कमी होत नाही, वाढतच जातो. पिस्तुलात दोनच गोळ्या असतात, एक खर्च झाली की एकच उरते, आणि त्या एका गोळीचा हिशेब तुमच्या मानगुटीवर बसतो. मॅकार्थीने स्वतःच्या पात्रांवर माया केली असेल, पण सूट दिलेली नाही.

म्हणून दुसरा प्रश्न असा विचारायचा: लेखकाला सोयीचं म्हणून या जगाचा नियम कधी मोडला का? मोडला, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, तर ते रूपक. नुसताच मोडला आणि खटकला तर ती वाईट सायफाय, तीही भरपूर मिळते बाजारात.

जगबुडी काढून दुसरं काही घालून बघा

तिसरी टेस्ट. जगबुडीच्या जागी एखादी खरी आपत्ती घाला आणि कादंबरी उभी राहते का बघा. राहिली तर जगबुडी हा नुसता पडदा होता, मागे लावलेला.

मी ‘द रोड’मध्ये आपला ७२ चा दुष्काळ घालून बघितला. का तर माझी आजी त्यातून गेलेली, खडी फोडायला जायची. बाप, मूल, रस्ता, भूक, वाटेत कोण कसा निघेल याची भीती, सगळं बसतं. पन्नास-साठ पानं तर आरामात बसतात. पण मग आजीचीच गोष्ट आडवी येते. ती सांगायची की कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला मिलो, ती अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, तिची भाकरी थापायला गेलं की तुटायची आणि चव म्हणाल तर कोणी विचारू नये. शिव्या द्यायची मिलोला. पण शिव्या द्यायला मिलो आला होता ना. कुठूनतरी आला होता. दुष्काळात बाहेर असतं, मुंबई असते, सरकार असतं, पुढच्या वर्षीचा पाऊस असतो, आणि माणूस चालतो तो तिकडे.

‘द रोड’मध्ये बाहेर नाही. ते दक्षिणेला समुद्राकडे चाललेत, थंडी कमी असेल म्हणून, आणि समुद्र येतो तेव्हा तोही राखाडी. धान्य कुठूनही येणार नाही कारण धान्य पिकतच नाही, कुठेच, म्हणजे डबे संपले की संपलं, आणि डब्यांनंतर ज्याकडे लोक वळलेत ते या पुस्तकातलं सगळ्यात भयंकर प्रकरण आहे, ते तळघर मी इथे सांगत नाही. मुद्दा असा की बाप मुलाला चांगलं वागायला शिकवतो ते अशा जगात जिथे चांगलं वागण्याचा मोबदला द्यायला कोणी उरलेलं नाही, उद्याचा पाऊससुद्धा नाही. हा प्रश्न दुष्काळात विचारता येत नाही, युद्धात नाही, निर्वासितांच्या छावणीतही नाही, कारण तिथे सगळीकडे सीमेपलीकडे काहीतरी असतं. तो विचारायचा तर अख्खी पृथ्वीच मारावी लागते. म्हणजे जगबुडी पडदा नाही, खांब आहे. काढली की छप्पर खाली.

डार्को सुविन नावाच्या अभ्यासकाने १९७९ च्या पुस्तकात यालाच ‘नोव्हम’ म्हटलंय, एक अशी नवी गोष्ट जी आपल्या जगात नाही आणि जिच्यावर बाकी सगळं लॉजिकने टेकलेलं आहे. मला आजीचा मिलो जास्त उपयोगी पडतो, पण वादात एखादं जड नाव लागलं तर हे घ्या.

अजून एक जागा तपासा: भाषा

हे थोडक्यात, कारण प्रत्येक पुस्तकात सापडतं असं नाही. रसेल होबनच्या ‘रिडली वॉकर’मध्ये (१९८०) अणुयुद्धाला हजारो वर्षं झालीत आणि केंट भागातला बारा वर्षांचा पोरगा आपली गोष्ट मोडक्या-झिजलेल्या इंग्रजीत सांगतो. प्राइम मिनिस्टरचं झालंय ‘प्राय मिन्सर’, कँटरबरीचं ‘केंब्री’. भाषाच राखेखाली गेलीये. वाचायला महाकठीण, मी दोनदा अर्धवट सोडली, मोठ्याने वाचायला लागलो तेव्हा कुठे सुटली. किंवा वॉल्टर मिलरची ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’, जिला १९६१ चं ह्यूगो हे सायफायचं बक्षीस मिळालं, तिच्यात अणुयुद्धानंतरच्या एका मठात साधू लोक एका जुन्या इंजिनिअरची किराण्याची यादी पवित्र अवशेष म्हणून जपतात. शब्द उरले, वस्तू गेल्या. ‘द रोड’मध्ये पण बापाला जाणवत राहतं की रंगांची, पक्ष्यांची, खाण्याच्या पदार्थांची नावं त्या त्या वस्तूंच्या मागोमाग निघून चाललीत. नावं गळायला लागली की डाव्या रकान्यात लिहा, तोही परिणामच आहे.

वादात बोलायचं कसं

समोरचा म्हणाला ‘यात विज्ञान कुठाय’, तर व्याख्या सांगत बसू नका, तेलाच्या बाटल्या सांगा आणि अळंबी सांगा. म्हणाला ‘पण भाषा किती सुंदर आहे’, तर हो म्हणा, सायफायची भाषा भिकारच असली पाहिजे असा कायदा नाही. म्हणाला ‘मग जगबुडी आली की सगळंच सायफाय का’, तर नाही, ‘ब्लाइंडनेस’ काढा. आणि म्हणाला की लेखक तर सायफायवाला नव्हता, तर विचारा की मग ज्याने आयुष्यात एकदाच पिठलं केलं त्याने काय केलं?

एक सूचना मात्र. समोरच्याने पुस्तक नुकतंच संपवलेलं असेल तर त्या दिवशी वाद घालू नका. शेवटची वीस पानं वाचून आलेल्या माणसाला रकाने दाखवणं बरं नाही, मी एकदा केलंय, मित्र उठून गेला होता.

जे बसत नाही त्याचं काय

तिसरा रकाना पाडा, ‘बसत नाही’ म्हणून. प्रामाणिकपणे भरा, नाहीतर ही सगळी कसरत म्हणजे स्वतःचंच म्हणणं खरं करून घेणं. ‘द रोड’साठी माझ्या त्या रकान्यात दोन नोंदी आहेत. पहिली, सफरचंदं. एका बागेत वाळलेल्या गवतात पडलेली सुकलेली, कडक, तपकिरी सफरचंदं त्यांना मिळतात आणि खातात. इतक्या वर्षांनी? माझ्या हिशेबात नाही बसत. एका मैत्रिणीचं म्हणणं की थंड कोरड्या हवेत सुकून राहू शकतात, तर तिथे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून ठेवलंय.

दुसरी नोंद म्हणजे शेवटचा परिच्छेद. गोष्ट संपते, आणि मग अचानक कोणीतरी सांगायला लागतं की एके काळी डोंगरातल्या ओढ्यांमध्ये ट्राउट मासे होते, त्यांच्या पाठीवरच्या नक्षीत जग घडण्याचे नकाशे होते. कोण बोलतंय? बाप नाही. मुलाने तर ते मासे पाहिलेले असणं शक्यच नाही. त्या जगात हे वाक्य बोलू शकेल असं कोणी उरलेलं नाही, म्हणजे माझ्याच नियमाने इथे नियम मोडलाय, आणि मला ते अजिबात खटकत नाही. तिसऱ्यांदा वाचून तीन वर्षं झाली. ‘ट्राउट’ असं लिहिलंय मी त्या रकान्यात, पुढे काही नाही.